केळणेचा उतार

साठी उलटलेल्या मनुष्याने घरचे अंथरूण टाकून नदीकाठी तंबूत निजावे किंवा कसे, याविषयी कोणत्याही स्मृतीत आम्हांस वचन आढळले नाही. सौभाग्यवतींचे मत मात्र निःसंदिग्ध होते. ‘खुशाल जा, परंतु परत आल्यावर सुंठेचा काढा मागू नका,’ एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

प्रसंग असा. आम्ही दोघे बंधू जालन्यास एकाच चुलीवर नांदतो. धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. त्यांनी चारही चाकांस जोर पोहोचणारी जीप घेतली आहे आणि जेथे रस्ता नाही तेथे ती नेण्याचा त्यांना छंद आहे. या छंदाचे जगभर उत्सव होतात. मलेशियात 1997 साली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची स्पर्धा सुरू झाली. 2014 पासून तिचा भारतीय अवतार गोव्यात भर पावसात भरू लागला. चिखलात गाड्या रुतवावयाच्या व पुन्हा बाहेर काढावयाच्या, यासाठी माणसे पदरचे पैसे खर्चून जातात, हे ऐकून आम्हांस प्रथम हसू आले. दसऱ्यास चिरंजीव घरी आले, तेव्हा म्हणाले, ‘काका, गोवा लांब आहे. आपल्या जिल्ह्यातच दोन रात्री नदीकाठी राहू. जागा तुम्ही सांगा.’

जागा आमच्या जिभेवरच होती : असई. ज्या रणभूमीची हकीकत आम्ही तीस वर्षे फळ्यावर नकाशा काढून शिकविली, ती आमच्या घरापासून एका सकाळीच्या वाटेवर असून आम्ही एकदाही पाहिली नव्हती. ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून आम्ही नेहमीच लपवीत आलो.

शनिवारी निघालो. आम्ही, चिरंजीव, आमची नऊ वर्षांची नात आणि तिचा मोत्या. मोत्या हा गावठी कुत्रा. नातीने त्यास पावसात भिजताना उचलून आणले, त्यास तीन वर्षे झाली. श्वान अशुचि, म्हणून त्याने ओसरीची पायरी चढू नये, असा आमचा दंडक होता व तो बिचारा पाळीतही असे. गाडीतही त्याने मागे, सामानाजवळ बसावे, असे आम्ही ठरविले. राजूरच्या गणपतीचे दर्शन घेऊन भोकरदनास आलो आणि तेथून पूर्वेकडे, केळणेच्या दक्षिण काठाने, पिंपळगाव-वरूडच्या बाजूस गेलो. एका शेतकऱ्याने तुरीच्या बांधालगत तंबू ठोकण्यास आनंदाने परवानगी दिली.

संध्याकाळी चुलीवर पिठले शिजत असता आम्ही नातीस लढाई सांगितली. 23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य केळणेच्या उत्तरेस पसरलेले. शिंद्यांची कवायती पायदळेच दहा हजारांवर, शिवाय घोडदळ निराळे. दक्षिणेकडून जनरल वेलस्ली आला. त्याच्याजवळ सुमारे साडेचार हजार पलटणी लोक व शिवाय मित्रांचे घोडेस्वार. वाटाडे म्हणाले, नदीस येथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन खेडी दिसली. माणसे अशी समोरासमोर वस्ती करून राहतात, तेव्हा त्यांच्या जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान करून त्याने सैन्य तिकडे वळविले. आणि उतार निघाला. केळणा व जुई या दोन नद्यांमधील चिंचोळ्या भूमीत मग जे झाले ते भयंकर होते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांजवळच प्राण दिले. जिंकलेल्या पक्षाचेच सोळाशेच्या आसपास लोक मेले वा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या त्या पुरुषाने उतारवयातही आपली सर्वांत मोठी लढाई म्हणून असईचेच नाव घेतले.

‘आणि कुत्रा नव्हता का लढाईत?’ नातीने विचारले. तिच्या समाधानार्थ आम्ही ऋग्वेदातील सरमा सांगितली. ही देवांची कुत्री पणींनी लपविलेल्या गायींचा माग काढीत रसा नावाची दुस्तर नदी ओलांडून गेली. ‘तिला उतार कोणी दाखविला?’ या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. मोत्या तंबूच्या दाराशी आडवा पडून रात्रभर कान टवकारून होता. मध्यरात्री पावसाची एक सर येऊन गेली.

रविवारी सकाळी पलीकडे जावयाचे ठरले. पाणी फार तर गुडघ्याइतके दिसत होते, परंतु गढूळ होते. चिरंजीवांनी टायरांतील हवा थोडी कमी केली, म्हणजे चाक पसरट होऊन ओल्या भुईवर पकड धरते. मग विजार गुडघ्यावर दुमडून हाती काठी घेतली. ‘काका, न पाहिलेल्या पाण्यात गाडी घालावयाची नाही, असा आमच्यातला पहिला नियम आहे. आधी मी पायी जाऊन येतो.’

आम्ही हसून म्हणालो, ‘अरे, जेथून सबंध पलटण तोफांसुद्धा गेली, तेथे तुझी ही डबी अडेल काय? इतिहासाची साक्ष असता काठीची साक्ष कशाला?’

चिरंजीव क्षणभर थांबले. आमच्या घरात वडील माणसाचा शब्द मोडण्याची चाल नाही. त्यांनी काठी ठेवली. मोत्या मात्र गाडीत चढेना. नातीने ओढले, आम्ही दरडावले. तो भुंकत काठाने वरच्या अंगास पळाला. ‘येईल मागून,’ असे म्हणून आम्ही निघालो.

निम्मे पात्र ओलांडले असेल नसेल, पुढचे डावे चाक एकाएकी खाली गेले. गाडी कलली, दारातून पाणी आत आले आणि नात किंचाळली. वाळू उपसून पडलेला तो खड्डा होता. वर गढूळ पाणी सारखे दिसत होते इतकेच. चिरंजीवांनी जराही न घाबरता नातीस टपावर बसविले, मग आमचा हात धरून आम्हांस बाहेर काढले. थंड पाण्यात छातीपर्यंत भिजून उभे असता आम्ही पाहिले, तो मोत्या पन्नास पावलांवर, गुरांच्या खुरांनी तुडविलेल्या वाटेने, पोटसुद्धा न भिजविता पलीकडे पोहोचला होता.

शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून साखळीने गाडी ओढून काढली. तो म्हणाला, ‘गुरुजी, नदी दर पावसाळ्याला कूस बदलती. त्यात वाळू उपसत्यात. गुरं कुठून उतरत्यात ते बघावं.’

परत येताना आम्ही बोललो नाही. वेलस्लीने उतार शोधला तो ग्रंथांतून नव्हे. समोरची खेडी डोळ्यांनी पाहून. तीस वर्षे आम्ही त्याची गोष्ट सांगितली आणि काठावर उभे राहिलो तेव्हा नेमके त्याचे डोळे सोडून त्याचे नाव तेवढे घेतले. गुरांची वाट आमच्याही समोर होती. ती पाहिली फक्त कुत्र्याने.

रात्री पंक्तीत बंधूंनी गाडीच्या चिखलाविषयी विचारले. चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, ‘माझाच अंदाज चुकला.’ घास आमच्या हातातच राहिला. वडीलपणाचा मान राखण्याकरिता तो मुलगा आमचा दोष आपल्या माथी घेत होता, आणि गप्प बसलो असतो तर ते कोणास कळलेही नसते. नात आमच्याकडे पाहत होती.

‘त्याचा नव्हे,’ आम्ही म्हणालो. ‘तो पाणी पाहावयास निघाला होता. आम्ही अडविले. पोरीचा जीव आमच्या हट्टापायी धोक्यात आला.’

या घरात आमच्या तोंडून असे वाक्य पूर्वी निघाल्याचे कोणास आठवत नसावे. कारण कोणी काहीच बोलले नाही. बंधूंनी आमच्या पानात भात वाढावयास सांगितले, एवढेच.

जेवणानंतर ओसरीवर आलो. मोत्या नेहमीप्रमाणे पायरीखाली बसला होता. आम्ही त्यास वर बोलाविले. तो बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग एक एक पायरी थांबत थांबत चढून आमच्या खुर्चीपाशी येऊन निजला. थोड्या वेळाने सौभाग्यवती सुंठेचा काढा घेऊन आल्या. आम्ही मागितला नव्हता.