शीतगृहातील उष्मा

गाणे शिकावयाचे म्हणजे आधी सा लावावयाचा आणि गुरूपुढे वर्षानुवर्षे बसावयाचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळेच की काय, लंडनमधील 'धिस हीट' या तिघांच्या रॉक वाद्यवृंदाची हकीकत मला फार नवलाची वाटते.

१९७६ साली चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलेन आणि गॅरेथ विल्यम्स हे तिघे तरुण एकत्र आले. हेवर्ड ड्रम वाजवी, बुलेन गिटार वाजवी; दोघेही मुरलेले वादक. विल्यम्सला मात्र एकही वाद्य रीतसर येत नव्हते. अशा माणसास कोणी फार तर पेट्या उचलावयास ठेवील! या दोघांनी त्याला बरोबरीचा भागीदार केले. त्यांना हवा होता त्याचा कान. नियमच ठाऊक नसल्यामुळे त्याची बोटे पट्ट्यांवर अशा जागी पडत, की जाणत्या वादकास ते सुचलेच नसते.

सरावासाठी त्यांना ब्रिक्स्टन भागात एक खोली मिळाली. पूर्वी तेथे मांस थंडाव्यात साठवीत. म्हणून तिचे नाव पडले 'कोल्ड स्टोरेज', म्हणजे शीतगृह. 'धिस हीट'चा अर्थ 'हा उष्मा'. तेव्हा उष्मा राहावयास गेला तो शीतगृहात!

तेथे वाजविलेले सारे ते ध्वनिफितीवर उतरवून घेत. मग फितीचा एखादा तुकडा कापावयाचा, त्याची टोके जोडून कडे करावयाचे आणि ते यंत्रावर फिरत ठेवावयाचे. रहाटाच्या गाडग्यांप्रमाणे तोच आवाज पुनःपुन्हा वर येत राहतो. ड्रमच्या अशा एका कड्यापासून त्यांनी '२४ ट्रॅक लूप' ही रचना केली. त्यात एकच ठेका कधी खर्जात बुडतो, तर कधी पत्र्यासारखा खणखणतो. मी ती प्रथम लावली, तेव्हा शेजारच्या आजी खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "पंखा बिघडला वाटते!" त्यांचा शेरा अगदीच गैर नव्हता, पण रचना संपेपर्यंत त्या पंख्यावरून माझे लक्ष हलेना.

त्यांची पहिली तबकडी १९७९ साली निघाली, दुसरी १९८१ साली. दुसरीचे नाव 'डिसीट', म्हणजे फसवणूक. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी तेव्हा अण्वस्त्रांचे डोंगर रचले होते, आणि उद्या जग उरेल की नाही, ही धास्ती या तिघांच्या मनात खोल रुतली होती. एका गाण्यात तर त्यांनी अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दच घेतले. त्या उदात्त शब्दांना त्यांनी असा उदास सूर दिला, की निराळी टीका करावयास नको.

पुढे विल्यम्सने वृंद सोडला आणि तो भारतात आला, तो कथकली शिकण्यासाठी! जेथे नुसती बुबुळे फिरविण्याचा सरावही दिवसचे दिवस करावा लागतो, अशी ही केरळची कला. न शिकता ज्याने नाव मिळविले, त्याला अशा कठोर शिस्तीची ओढ लागावी, हा भाग मला सर्वांत आवडतो.

१९८२ साली वृंद मोडला. २००१ साली विल्यम्स कर्करोगाने वारला. पुढे २०१६ साली हेवर्ड आणि बुलेन नवे सोबती घेऊन जुन्या रचना वाजविण्यास पुन्हा उभे राहिले. परंतु जुने नाव त्यांनी घेतले नाही. 'धिस इज नॉट धिस हीट', म्हणजे 'हा तो उष्मा नव्हे', असे फलकावर लिहूनच ते २०१९ पर्यंत वाजवीत राहिले.