कारंज्याची वाट आणि कमरेचें हत्यार

मूर्तिजापुराहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो. कापूस व तूर येथें पूर्वींपासूनचीं, सोयाबीन अलीकडचें. याच मुलखांतून यवतमाळास जाणारी ‘शकुंतला’ नांवाची अरुंद रुळांची आगगाडी वऱ्हाडचा कापूस वाहून नेत असे. आतां ती धांवत नाहीं, आणि प्रवाशांस मोटारीवांचून गत्यंतर उरलें नाहीं. पाऊण-एक तासानें कारंजा लाड हें गांव येतें. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येथें येतात, जुन्या मंदिरांसाठीं जैन यात्रेकरू येतात. आम्हीं दोन्हीं ठिकाणचीं दर्शनें घेतलीं; परंतु मन रेंगाळलें तें गांवाच्या वेशींपाशीं. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस! चारी दिशांच्या वाटा येथें येऊन मिळत, आणि त्या वाटांनीं माल येई तशी धाडहि येई.

१६७० सालीं, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजीमहाराजांच्या फौजेनें मोगली अमलांतलें हें धनाढ्य गांव लुटलें. उंची कापड, सोनें व रुपें चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेलें, असें सर जदुनाथ सरकार यांनीं लिहिलें आहे. गांवचे सावकार धरले गेले. त्यांतला सर्वांत मोठा मात्र स्त्रीवेष घेऊन निसटला. आम्हांस त्या सावकाराचें नेहमीं नवल वाटतें. त्याच्यापाशीं तलवारी, कट्यारी, पहारेकरी सर्व कांहीं असेल. वेळेस कामास आलें तें लुगडें.

वाटसरूनें अंगावर कांहीं तरी लपवून बाळगावें ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. काठींतली गुप्ती, कमरेचा बिचवा, मुठींत मावणारीं वाघनखें हीं सर्व त्याच जातीचीं. पुढें १८७८ च्या कायद्यानें हत्यारास परवाना लागूं लागला, आणि गोऱ्या लोकांस त्यांतून सूट मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. परवाना राहिला.

हें सारें आठवण्याचें कारण आमचे थोरले आतेभाऊ. कारंज्यास त्यांचा जिनिंगचा कारखाना आहे. गेल्या हंगामांत शेतकऱ्यांचे चुकारे देण्यासाठीं रोख रक्कम घेऊन मंगरूळपिराहून परततांना दोन मोटारसायकली बराच वेळ त्यांच्या गाडीच्या मागें राहिल्या. घडलें कांहींच नाहीं. पण दादांची झोंप उडाली ती उडालीच. त्यांनीं जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली, प्रकृतीचा दाखला जोडला, आणि बऱ्याच महिन्यांनीं परवाना हातीं आला. आम्ही पोंचलों त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर दुसरा विषय नव्हता. घ्यावयाचें कोणतें?

निवड वाटते तितकी मोठी नाहीं. फौजेच्या वापरांतलें नऊ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास मिळत नाहीं. म्हणून लोक बहुधा बत्तीस बोअरवर येऊन थांबतात. सरकारी कारखान्यांचें कानपुरी रिव्हॉल्व्हर आणि ‘अशनि’ नांवाचें पिस्तूल हे दोन जिन्नस दादांपुढें होते. त्यांचा मुलगा पिस्तुलाच्या बाजूचा. तें चपटें, सदऱ्याखालीं दिसत नाहीं, आणि गोळ्या जास्त मावतात. हें खरें आहे. रिव्हॉल्व्हरचें फिरतें चाक कमरेस गांठोड्यासारखें फुगतें, आणि सहा गोळ्या संपल्यावर तें पुन्हां भरण्यास वेळ लागतो. तरीहि आमचें मत रिव्हॉल्व्हरकडे पडलें. पिस्तुलांत काडतूस अडकलें तर दोन्ही हात लावून तें मोकळें करावें लागतें. ज्याला नित्य सराव नाहीं त्याला हें अंधारांत, भ्यालेल्या हातांनीं साधत नाहीं. रिव्हॉल्व्हरचें काडतूस फुसकें निघालें तर पुन्हां चाप ओढावा, चाक आपण होऊन पुढें सरकतें. शिवाय रिव्हॉल्व्हर उघडलें कीं आंत गोळी आहे कीं नाहीं हें उघड्या डोळ्यांस दिसतें. पिस्तुलाचें मॅगझिन काढलें तरी नळींत एक काडतूस राहूं शकतें, आणि ‘रिकामेंच आहे’ असें म्हणतां म्हणतां घात होतो.

कोणीसें ‘निर्भीक’चें नांव काढलें. कानपुरांतूनच २०१४ सालीं निघालेलें हें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून गाजलें. वजन अवघें अर्धा किलो, किंमत तेव्हां सव्वा लाखाच्या आसपास. परंतु हलकें तेंच सोयीचें असें नव्हे. हत्यार जितकें हलकें तितका त्याचा धक्का मनगटास अधिक, आणि धक्क्याची धास्ती बसली म्हणजे सराव सुटतो.

लपवून नेणें म्हणजे कायदा चुकविणें, अशी आत्याबाईंची समजूत होती. आपल्याकडे उलट आहे. अमेरिकेच्या कांहीं राज्यांत लपवून नेण्यास वेगळा परवाना लागतो. आपले २०१६ चे नियम मात्र सांगतात कीं, सार्वजनिक जागीं पिस्तूल पूर्णपणें झांकलेलें आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यांतच असलें पाहिजे. चारचौघांत तें उगारून दाखविण्यास सक्त मनाई आहे. ‘ताब्यांत’ या शब्दाकडे आम्हीं दादांचें लक्ष वेधलें, कारण त्यांचा बेत तें हातपिशवींत ठेवण्याचा होता. पिशवी आपण दुकानाच्या फळीवर ठेवतों, मोटारींत विसरतों, पोरांच्या हातीं देतों! उजव्या कमरेस, चाप पुरा झांकणारें जाड कातड्याचें होल्स्टर आणि वर सैल सदरा, हेंच बरें. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत घामानें लोखंड गंजतें, तेव्हां रोज पुसणें आलें.

इतका वेळ वहिनी गप्प होत्या. “भाऊजी, तें रात्रीं कोठें ठेवायचें तेवढें सांगा,” त्या म्हणाल्या. “या वाड्यांत अकरा मुलें आहेत. देवघराच्या फडताळापासून माळ्यावरच्या पेट्यांपर्यंत त्यांचे हात पोंचत नाहींत अशी जागा मला ठाऊक नाहीं.”

कोणास उत्तर सुचेना. शेवटीं ठरलें तें असें कीं, भिंतींत लोखंडी तिजोरी बसवावी, काडतुसें निराळ्या कुलपांत ठेवावीं, आणि किल्ली दादांच्या जानव्यास असावी. “म्हणजे चोर आला तर तिजोरी उघडेपर्यंत त्याला चहा विचारायचा काय?” आत्याबाई म्हणाल्या. सगळे हंसले, दादा हंसले नाहींत. आमच्या मतें आत्याबाईंचें म्हणणें बरोबर असूनहि वहिनींची बाजू भारी आहे. वाड्यास दरवाजे आहेत, माणसें आहेत. भीति आहे ती रस्त्यावर, आणि तीहि रोकड जवळ असेल तेवढ्याच दिवसांपुरती. जे शेतकरी बँकेंत पैसे घेण्यास राजी आहेत त्यांचे चुकारे यापुढें तसेच द्यावयाचे, हें दादांनीं त्याच बैठकींत कबूल केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मंगरूळपिरावरून आम्ही वाशिमास निघालों; दादाहि बरोबर आले. हेंच प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक शाखेच्या हरिषेणाच्या काळांत अजिंठ्याचीं कांहीं लेणीं कोरलीं गेलीं. आज त्या राजधानीच्या वैभवाचें गांवांत फारसें कांहीं दिसत नाहीं. पद्मतीर्थावर हातपाय धुऊन आम्हीं बालाजीचें दर्शन घेतलें. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं बांधलेलें हें मंदिर प्रशस्त व थंडगार आहे, आणि दुपारीं तेथून उठवत नाहीं. दादा मात्र लवकर उठले. देवळाबाहेरच्या फुलवाल्यास त्यांनीं विचारलें, “लोखंडी तिजोऱ्यांचें दुकान इकडे कोठें आहे हो?”