धाप पावसाची नव्हे, खोलीची

सासूबाईंची धाप जूनमध्ये सुरू व्हायची ती गणपतीपर्यंत. डोंबिवलीत सगळ्यांचं निदान ठरलेलं: पावसाळी हवा, होणारच. मला ते पटेना. त्याच पावसात त्या संगमेश्वरला दिरांकडे गेल्या की चार दिवसांत जिना चढायच्या, आणि तिथला पाऊस आमच्यापेक्षा जास्तच! पण घर कौलारू, वारा आरपार.

छातीच्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं, "आजी झोपतात त्या खोलीला ओल आहे? एसी कधी धुतला?"

ओल होतीच. पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आणि कपाटामागे काळी बुरशी. तिचे बीजकण श्वासातून जातात आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. ओलसर घरांत दम्याचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे.

एसीचं फिल्टर मी नेमाने धुवायचे. मेकॅनिकने मात्र ब्लोअर काढून दाखवला, तेव्हा किळस आली. पात्यांवर काळा चिकट थर आणि खालच्या ट्रेमध्ये साचलेलं बुळबुळीत पाणी. थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, त्यावर धूळ बसते, बुरशीला आणखी काय हवं? शिवाय साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. म्हणजे बंद खिडक्यांआड आई रात्रभर तीच हवा घेत होत्या. मोरीचा एक्झॉस्टही निकामी, कारण डक्टमध्ये कबुतरांनी संसार थाटलेला.

रंगारी म्हणाला, "वहिनी, पुट्टी मारून प्लास्टिक पेंट देतो, दिसणार नाही." दिसणार नाही, हेच तर दुखणं! पाणी बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून येत होतं. सेक्रेटरींनी "तुमच्या घरातलं तुम्ही बघा" म्हणून हात झटकले. मग मी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी काढून त्यांच्यापुढे ठेवले: संडास-मोरीची आतली गळती सभासदाने दुरुस्त करायची, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची संस्थेने. पावसाळा सरल्यावर तडा भरला गेला. आईंचा पंप सुटलेला नाही, पण रात्री उठून बसणं बरंच कमी झालंय.

तुमच्याही भिंतीला ओल असेल तर रंगाऱ्याला नंतर बोलवा. आधी सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.