पासवर्ड बदलला, पण…

ब्रेकअपनंतर मी पहिलं काम काय केलं? पासवर्ड बदलला! (रडले नंतर.) त्याच्या लॅपटॉपवर माझं अकाउंट कायम उघडं असायचं. म्हटलं, चला, दार बंद.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज : ‘नवी स्टोरी मस्त जमून राहिली तुझी.’ स्टोरी कुठे छापूनच आली नव्हती! ती होती फक्त माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये. सोबत दोन बायकांची नावं नि नंबर. नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता मी त्यांना. पोटात गोळाच आला.

आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री पोहे खाताना मैत्रिणीला सांगितलं. ती टेस्टर आहे. एकाच लॉगिनने दहा ॲप्स उघडून देणारी सर्व्हिस तपासणं हेच तिचं काम. ‘अगं, पासवर्ड बदलून काय होते? टोकन जिवंत आहे ना!’

टोकन म्हणजे रेल्वेचा महिन्याचा पास समजा. टीसी शिक्का नि तारीख बघतो आणि सोडतो. पास मधेच रद्द झालाय, हे त्याला कोण सांगणार? दर वेळी ऑफिसला विचारत बसला तर गाडी तुंबेल. म्हणून टोकनची मुदतच काही मिनिटांची ठेवतात. पण नवं टोकन आणून देणारं आणखी एक, लांब मुदतीचं टोकन असतं. घोळ तिथे होतो.

मुदत संपलेलं, एक अक्षर बदललेलं, दुसऱ्याच ॲपसाठी काढलेलं… ही टोकन्स सहज पकडली जातात म्हणे. खरी परीक्षा रद्द केलेल्याची. ती दोन ब्राउझरमध्ये लॉगिन करते, एकातून ‘सगळीकडून लॉगआउट’, आणि दुसऱ्यात घड्याळ लावून ठोठावत बसते. ४०१ आला तर पास, आत घेतलं तर बग. ‘डेव्हलपर विचारते, असं कोण करते? आता सांगीन, एक्स करते!’

सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकची टोकन्स चोरली गेली, तेव्हाही चोरांना पासवर्ड लागलाच नव्हता. कंपनीने सुमारे ५ कोटी अकाउंट्सची टोकन्स रद्द केली, वर खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची.

तिने माझ्या फोनवर नोट्सच्या ॲपमधली डिव्हाइसची यादी उघडली. सात निघाली! त्यात त्याचा लॅपटॉप, शेवटचा वापर आज सकाळी. मी बटण दाबलं.

‘थांब,’ ती म्हणाली, ‘पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहू.’

आणखी एक प्लेट मागवली. त्या दोघींना सांगायचं राहिलं होतं. तो फोन मी तिथूनच लावला.