एक जून

दिनविशेष वाचण्याची आम्हांला जुनी खोड आहे. कळमनुरीच्या शाळेत परिपाठाच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात रोज दिनविशेष लिहिला जाई, आणि अक्षर बरे म्हणून ते काम काही वर्षे आमच्याकडे होते. जन्म, मृत्यू, घटना असे तीन रकाने असत. पुढे साहित्य शिकलो, शिकवू लागलो, तरी वर्तमानपत्रातली ती चौकट आधी वाचायची सवय सुटली नाही. मात्र एका तारखेचा दिनविशेष आम्ही त्या फळ्यावर कधीच लिहिला नाही. ती तारीख एक जून. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असे.

तशी या दिवसाची यादी लहान नाही. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली, आणि योगायोग असा की त्याच दिवशी नर्गिसचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी धावू लागली. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, निघाली. १ जून १९६८ रोजी हेलन केलर निवर्तल्या. दिनविशेष या प्रकाराची गंमतच अशी की ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी माणसे तो एका पंगतीला बसवतो.

आमच्या तालुक्याला मात्र त्या पंगतीत पान मांडलेले नव्हते. एस. टी. पहिल्यांदा धावली तेव्हा कळमनुरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होती. रझाकारांचा अंमल जोरात होता, आणि १७ सप्टेंबर उजाडायला अजून एकशे आठ दिवस होते. आणि तरीही, आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या शाळेत जाऊन प्रवेशाची नोंदवही उघडावी. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, पुन्हा एक जून. पानेच्या पाने एकाच दिवशी जन्मलेली. आमचे वडीलही त्याच दिवशीचे: १ जून १९४७.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा जन्म एक जूनचा नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते. आजी सांगत असे, "हुरड्याचे दिवस व्हते. पाचवी पुजली त्याच दिशी गांधीबाबा गेल्याचं कळलं." आजीला साल सांगता येत नसे, पण पाचवी चुकण्यासारखी नव्हती. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. त्याच दिवशी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील स्वयंसेवकांनी उमरीची बँक लुटली. तेव्हा दादांचा जन्म जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला, याविषयी शंका उरत नाही. एका अक्षरशून्य बाईने पाचवीचे सूप, हुरडा आणि एक दूरची हत्या यांच्या आधाराने आपल्या मुलाचा जन्मदिवस जपून ठेवला होता. फक्त नोंदवहीच्या रकान्यात तो बसत नव्हता.

रकान्याचीही एक बाजू आहे. संस्थानात सरकारी कागदांवर फसली सन चाले. आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर ज्याला १३५७ म्हटले आहे, ते वर्ष १९४७ च्या ऑक्टोबरात सुरू होते, आणि त्याचे महिने आजूर, दय, बहमन अशा नावांचे. घरात तिथी, शेतात नक्षत्र, कचेरीत फसली. संस्थान गेल्यावर शाळा आली ती इंग्रजी तारीख घेऊन. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा झाला तो १९६९ साली. त्याआधी कोणी दाखला मागितला नाही, आणि कोणाजवळ तो नव्हता. जूनमध्ये शाळा भरणार, मुलाला सहा वर्षे पुरी झालेली हवीत. मग गुरुजी मुलाकडे एकवार पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि एक जून लिहून टाकत. दादा १९५३ साली शाळेत गेले तेव्हा सहा वर्षांचे नव्हतेच. गुरुजींनी त्यांना सुमारे आठ महिने वाढवून घेतले.

हे आठ महिने पुढे वसूल झाले. दादा प्राथमिक शिक्षक झाले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, या नियमाने ३१ मे २००५ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. त्या दिवशी तालुक्यातल्या कितीतरी शाळांत निरोपाचे हार आले होते, कारण एक जूनवाल्यांची सारी पिढी एकाच संध्याकाळी घरी परतते. सहावा वेतन आयोग लागू झाला १ जानेवारी २००६ पासून. आजीची तारीख धरली असती तर दादा ३१ जानेवारी २००६ पर्यंत नोकरीत असते. एका महिन्यासाठी का होईना, ते या बाजूला आले असते. त्यांचे निवृत्तिवेतन जुन्या पगारावर बसले. आईला ते फार लागले. धाकट्या बहिणीचे लग्न त्याच वर्षी व्हायचे होते.

आम्ही तेव्हा संतापलो होतो. वेळेवर अर्ज करून तारीख दुरुस्त का करून घेतली नाही, असे दादांना विचारले. "कोणाच्या साक्षीवर? तुझ्या आजीच्या?" एवढेच ते म्हणाले. मग आम्ही दुसरे विचारले, जे विचारायला नको होते: "आणि तुम्ही स्वतः पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांना काय लिहून दिलेत?"

दादांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. म्हणाले, "एक जूनच लिहिलं. सुरुवातीला मी तारीख विचारून ये म्हणून पोरांना घरी पाठवत असे. माझ्या लक्षात आलं, तारीख विचारायला गेलेलं पोर परत येत नाही. माय म्हणते तारीख नाही, बाप म्हणतो मग राहू दे, आणि पोर ढोरांमागं जातं. मग मी विचारणं सोडलं."

या उत्तरावर आमच्याजवळ काही बोलणे नव्हते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही तारीख अपरिचित नसावी. 'उपरा'कार लक्ष्मण माने यांची जन्मतारीख १ जून १९४९, आणि 'अक्करमाशी'कार शरणकुमार लिंबाळे यांची १ जून १९५६ अशी नोंदलेली आढळते. त्या तारखा कोणी घातल्या याचा शोध घेणे हे आमचे प्रयोजन नाही. पण ज्या आत्मकथनांनी मराठी गद्याला नवा आवाज दिला, त्यांचे दोन लेखक याच दिवशीचे असावेत, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. 'अक्करमाशी'त तर शाळेत नाव घालताना बापाच्या जागी कोणाचे नाव लिहायचे, हाच प्रश्न उभा राहतो. वर्गात हे पुस्तक शिकवताना आम्ही अस्मिता, वेदना, विद्रोह हे शब्द फळ्यावर लिहितो. नोंदवही, रकाना आणि शाई यांविषयी फारसे बोलत नाही. वास्तविक ज्या घरात आधी कोणी अक्षर गिरवले नव्हते, त्या घरातले मूल कागदावर प्रथम अवतरते ते त्या रकान्यात.

म्हणून एक जूनला खोटी तारीख म्हणणे आम्ही सोडून दिले आहे. ती जन्माची नसेल, पण शाळेच्या उंबऱ्याची खचित आहे. तिची किंमत पडली, ती आमच्या घराने मोजली, आणि ती गोष्ट आम्ही गोड करून सांगू इच्छीत नाही. आईनेही ती कधी गोड करून सांगितली नाही.

आता दर एक जूनला सकाळपासून दादांचा फोन वाजत असतो. शुभेच्छा देणारे बहुतेक त्यांचे जुने विद्यार्थी. दादा त्यांचे ऐकून घेतात आणि म्हणतात, "तुलाही बाबा, तुझाही आजच की." हे वाक्य त्या दिवशी ते वीसेक वेळा तरी म्हणतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोन येत नाही. आजी होती तोवर ती त्या दिवसांत केव्हातरी गूळ घालून शेवया करी, आणि कशासाठी ते कोणाला सांगत नसे.