दोर धरणारी

आज भरवेलीच्या आमच्या घरामागच्या आंब्याची गोष्ट सांगतो. खरं तर ती आंब्याची नाही, त्याच्याखाली उभं राहणाऱ्या माणसाची आहे.

आमचे बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत टाइम ऑफिसला कारकून होते. १९५६ साली नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आम्ही घरात मराठी नि दाराबाहेर हिंदी बोलत वाढलो. १९६२ साली मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी झाली, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, बदल्यांमध्ये गावोगाव फिरलो आणि निवृत्तीनंतर परत वडिलांच्या घरी आलो.

बाबांनी लावलेला गावरान आंबा तोवर अवाढव्य झाला होता. त्याच्या दोन जाड फांद्या स्वयंपाकघराच्या कवेलूंवर आल्या होत्या, त्यातली एक अर्धी वाळलेली. नवतपा सरत आला की इकडे वादळं सुटतात. सौ.ने निक्षून सांगितलं, "यंदा पावसाच्या आत फांद्या उतरवायच्या."

ओळखीतून एक झाडं छाटणारा आला. चाळिशीचा, काटक, मोजकं बोलणारा. झाडाभोवती फिरला, वर पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाबूजी, रस्सी कौन पकड़ेगा?"

मी म्हटलं, त्यात काय? कोपऱ्यावरून एक दणकट पोरगा बोलावला. या गृहस्थाने त्याच्यापुढे दोराचा गुंता टाकला आणि म्हणाला, "सुलझा दे." पोराने एक टोक धरून हिसका मारला, गाठ आणखी आवळली. तेवढ्यात मोबाइल वाजला, तो तिकडे वळला. छाटणाऱ्याने दोर गोळा केला. "कल आऊंगा. घरवाली को लेके."

मला राग आला. एक दिवस फुकट, वर आणखी एक मजुरी. मी म्हणालो, "आज बारीक फांद्या तरी काढ. दोर मी धरतो." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. वय पाहिलं असावं. पण घरमालकाला नाही कसं म्हणणार? चढला बिचारा.

दोन फांद्या छान उतरल्या. मला वाटलं, जमलं. तिसरीच्या वेळी सौ.ने मागच्या दारातून चहाला हाक मारली आणि मी मान वळवली. पायाशी दोराचं वेटोळं पडलं होतं, त्यात माझा पाय. वरून आरीचा शेवटचा घास बसला. दोर सर्रकन पळाला, मी आडवा झालो. फांदी मोकळी झुलली, त्याच्या अंगावरून गेली नि कवेलूंवर आदळली. तो बुंध्याला मिठी मारून लटकला होता. दहा-पंधरा कवेलू फुटले. माझा घोटा सोलला. त्याच्या दंडाला खरचटलं. तेवढ्यावर निभावलं.

खाली उतरून तो पाणी प्यायला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाबूजी, ऊपर आप नहीं थे."

त्या रात्री झोप आली नाही. बँकेत आयुष्यभर स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे, एकाची दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हे नव्या पोरांच्या मनावर मीच बिंबवत आलो होतो. खाणीत तर लहानपणापासून ऐकलेलं, शाफ्टच्या तोंडाशी बँक्समन असतो आणि पिंजरा चालू असताना घंटेचा एक टोला पडला की थांबायचं, मग साहेब असो की मजूर. आणि मी मात्र चहाच्या हाकेला वळलो!

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. पदर खोचून आधी सगळं अंगण फिरली. कुंड्या हलवल्या, आमच्या नातवाला घरात बसवलं, फांदी पडेल त्याच्या दुप्पट जागा मोकळी केली. घराकडे येणारी विजेची तार बंद केलीय का, हे तिने स्वतः विचारलं. मग दोर मोकळा करून पायापासून लांब पसरला. वरच्या बेचक्यातून आलेल्या दोराला बुंध्याशी अडीच वेढे दिले. वजन बुंधा पेलतो, माणसाने फक्त ढील द्यायची. दोर हाताला गुंडाळायचा नाही. एकदम अडवायचाही नाही, नाहीतर झटका वरच्याला बसतो.

तो आधी खालून थोडं कापायचा, मग वरून, म्हणजे साल बुंध्यापर्यंत सोलत येत नाही. ती फांदीकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या हातावर. एकदा तिने "रुक" म्हटलं. आरी जागीच थांबली, का म्हणून विचारलंही नाही. फाटकातून शेजारची म्हातारी आत येत होती. ती बाहेर गेल्यावर हिने मान हलवली, मग आरी चालू. संध्याकाळपर्यंत दोन्ही जाड फांद्या अंगणात अलगद टेकल्या. त्यानंतर एक कवेलू फुटला नाही.

हिशेबाला बसलो. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे पूर्ण मजुरी, तिच्यापुढे निम्मी, 'मदतनीस' म्हणून. मी दोघांना वेगवेगळे पैसे दिले. त्याने काही न बोलता दोन्हीकडच्या नोटा एकत्र केल्या, मोजल्या आणि बरोबर अर्ध्या तिच्या हातावर ठेवल्या. हिशेबाच्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? मी आत जाऊन तिची उरलेली निम्मी आणून दिली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती दोघंच येतात. दोघांना मजुरी सारखी, हेल्मेटं मी आणून ठेवलीत. तिच्याकडून मी गुंता सोडवायला शिकलो, टोक ओढायचं नाही, वेटोळं सैल करत जायचं. आता सत्तरी ओलांडली, जड दोर मला झेपत नाही. मी फाटकाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवतो. चहा काम संपल्यावर.

तुमच्याकडे झाड छाटायचं असेल तर चढणारा किती पटाईत आहे, हे विचाराच. पण खाली कोण उभं राहणार, हे त्याला ठरवू द्या. पैसे आपले असले तरी जीव त्याचा आहे.