वरून रस्ता, खालून रान

मोहाची फुलं टपटपू लागली, की पेंचच्या रानात पहाटे एक गोडसर, आंबूस वास दाटून येतो. नागपूरहून मनसर, देवलापार मागे टाकत खवाशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ त्याच वासातून जातो. दोन्हीकडे साग, ऐन, धावडा, आणि मधून ट्रकांची न संपणारी घरघर. गाडीतल्या माणसाच्या लेखी हा प्रवासाचा एक टप्पा. रानाच्या अंगावरून मात्र तो दिवसरात्र जातो.

पाण्याच्या ओढीनं उतरणारं सांबर, पिलांना पाठुंगळी घेतलेली अस्वलीण, आईपासून तुटून, स्वतःचा मुलूख शोधत कान्ह्याच्या दिशेनं निघालेला तरणा वाघ, या साऱ्यांच्या वाटा कुणी आखल्या नाहीत. त्या पावलांनीच पडत गेल्या, पावसाळ्यामागून पावसाळे मुरत गेल्या. त्यांच्यावर डांबर येतं एका हंगामात.

या रस्त्याचं चौपदरीकरण ठरलं तेव्हा वाद झाले, प्रकरण कोर्टात गेलं, वन्यजीव अभ्यासकांनी जनावरांचे माग तपासले. आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर चढला, कुठे ५० मीटर, कुठे थेट ७५०. २०१९ मध्ये त्या पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत ११ वाघ टिपले गेले. रानकुत्रे, गवे, चितळंही आली.

खालच्या मऊ धुळीत वाघाचा पंजा नीट वाचता येतो: रुंद तळवा, चार बोटं, नखाची खूण कुठेच नाही, आणि त्याच्या कडेवर चितळाचा जोडखूर, मागाहून पडलेला, ताजा. डोक्यावर चाकं धडधडत असतात. खाली भक्ष्य आणि भक्षक आपापल्या वेळेनं निघून गेलेले असतात.

मन हरखतं. तरी तोडलेला साग पुलानं परत येत नाही, आणि दोन पुलांमधल्या डांबरावर रात्र अजून तितकीच धोक्याची आहे. म्हणून अभयारण्यातून रस्ता नेण्याआधी तो न्यायलाच हवा का, हे विचारावं. दुसरी वाट असेल तर वळसा घ्यावा. न्यायचाच असेल, तर आखणाऱ्यानं आधी रान पायी तुडवावं, नाले, पाणवठे, माग ओळखीचे करून घ्यावेत, आणि मगच कागदावर रेघ ओढावी. खांबांवर खर्च फार होतो, असं म्हणतात. होऊ दे. तो रानावर उपकार नव्हे.

वाट आधी त्यांची होती.